पोटाला शिवलेला हात

"आ कर," आई म्हणाली.

मी आ केला. वीस वर्षांचा घोडा मी, आणि आई तोंडात बोट घालून माझे दात घासत होती. अख्खा वॉर्ड बघत होता.

"जीभ आत घे. आणि चावलास ना, तर बघ."

"ऊं," मी म्हणालो. तोंडात दुसऱ्याचं बोट असल्यावर माणूस आणखी काय म्हणणार?

शेजारच्या कॉटवरून लोंढेमामा म्हणाले, "ताई, जरा पावडर-तीटपण लावा. दृष्ट लागंल लेकराला."

"तुमच्या सोंडेला लावते की," आई वळूनही न बघता म्हणाली.

मामा खदखदून हसले आणि लगेच कपाळ धरून बसले. हसलं की टाके ओढायचे त्यांचे. करमाळ्याचे ट्रक ड्रायव्हर. समोरची काच फुटून नाकाचा शेंडा गेलेला. डॉक्टरांनी कपाळावरची कातडी सोडवून, पिळा देऊन नाकावर आणून शिवली होती. त्यामुळे दोन भुवयांच्या मधून नाकापर्यंत मांसाची एक दोरी लोंबायची. वॉर्डात त्यांना सगळे गणपती म्हणायचे. ते स्वतःच म्हणायचे, "मोदक आला का रं?"

माझं गणित वेगळं होतं. दिवे घाटाच्या खाली एका रसवंतीवर मी चरक चालवायचो. चिपाड अडकलं. मशीन बंद न करता हात घातला. सगळेच घालतात. चरकानं उजव्या हाताच्या पाठीची कातडी मोजा काढावा तशी काढून घेतली. हात ओढून काढायला डाव्यानं चाकाला हिसका दिला, तर डावं मनगट मोडलं. म्हणजे एक हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आणि दुसरा पोटाला शिवलेला.

हो, शिवलेला. खरोखर सुई-दोऱ्यानं.

पुण्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात मुजावर मॅडम होत्या. बारीक चणीच्या, तिशीच्या आतल्या, कायम घाईत. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आईला समजावलं होतं.

"हे बघा मावशी, हाताच्या पाठीवर कातडी नाही. बोटं उचलणाऱ्या दोऱ्या उघड्या पडल्यात. त्या वाळल्या की बोटं उचलायची बंद. म्हणून जांघेच्या वरची कातडी आम्ही झाकणासारखी उचलणार. एका बाजूनं पोटाला तशीच ठेवायची आणि बाकीची हातावर शिवायची. याला फ्लॅप म्हणतात. सुरुवातीला पोट तिला रक्त पाजणार. तीन आठवड्यांत हात पाजायला लागला की मग पोटाकडून कापायची."

आई ऐकत होती. ती सासवडकडं एका रोपांच्या नर्सरीत कामाला. मग म्हणाली, "म्हणजे भेटकलम."

"काय?"

"आंब्याला बांधतो आमी. दोनी झाडं आपापल्या जागी, मदी सांधा. जीव धरला की एका अंगानं कापायचं."

मॅडमनी पेन खिशात ठेवलं. "हो. अगदी तेच."

"आन् न्हाई धरला तर?"

"तर वाळतं ना तुमच्याकडं?"

"वाळतं," आई म्हणाली.

त्यानंतर मॅडमनी विचारलेलं मला शब्द न् शब्द आठवतं. "तंबाखू, गुटखा, बिडी, सिगारेट? काहीही असेल तर आत्ता सांगा. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. हा फ्लॅप त्याच नळ्यांवर जगतो. मी रागावणार नाही. पण कातडी मरेल."

"न्हाई मॅडम," मी म्हणालो.

"माज्या पोराला सुपारीचं खांड ठाव न्हाई!" आई जवळजवळ ओरडलीच. "ह्याच्या बापानं तंबाखूपायी तोंड सडवून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत तंबाखू न्हाई."

हे खरं होतं. निदान आम्हा दोघांना ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला चिकटपट्ट्यांनी बांधलेला, आणि हाताच्या पाठीवर माझीच पण अनोळखी कातडी. जाड, मऊ, फुगीर, एकदोन केसांसकट. सिस्टर यायच्या, बोटानं दाबायच्या. पांढरा ठसा उठायचा आणि परत गुलाबी व्हायचं. गंमत म्हणजे दाबायच्या हातावर आणि मला कळायचं जांघेत.

"कुठं लावलं बोट?" मुजावर मॅडम विचारायच्या.

"पोटावर."

"बघ. त्याला अजून माहीतच नाही आपण कुठं आलोय ते."

वॉर्डात आईला करण्यासारखं काही नव्हतं. ड्रेसिंगला बाहेर थांबा. पट्टीला हात लावू नका. कॉटवर बसू नका. सलाईनला हात लावू नका. ती भिंतीला टेकून खाली बसायची आणि सिस्टर येताना दिसली की उगाच उठून उभी राहायची. भरवणं तिच्याकडं होतं, पण भूकच नसायची. आंघोळ नाही. मग राहिलं काय, दात.

पहिल्या दिवशी ब्रशनं प्रयत्न झाला. आईनं आयुष्यात ब्रश धरलेला नव्हता. माझ्या हिरडीतून रक्त आलं, मला उमासा आला, उमाशानं पोटाचे टाके ताणले आणि मी बोंबललो. आईनं ब्रश खिडकीत ठेवून दिला.

"खराटा हाय नुसता," ती म्हणाली. पिशवीतून तिची डबी काढली, पहिल्या बोटावर मिश्री घेतली आणि अगदी हलक्या हातानं एकेक दात घासला. लहानपणी घासायची तसाच. नंतर कॉलेजच्या नादानं मी पेस्टवर गेलो होतो. सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम सुरू झाला. चूळ भरली की डोकं हलकं व्हायचं, वरचा पंखा जरा लांब गेल्यासारखा वाटायचा. मला वाटायचं, इंजेक्शनाचा अंमल आहे. छान वाटायचं, खोटं का बोला.

मग एका सकाळी सिस्टरनी दाबलं आणि परत दाबलं. आणि काही न बोलता मॅडमना बोलावून आणलं.

कातडीचा करंगळीकडचा कडेचा भाग जांभळट झाला होता. मॅडमनी बारीक सुई टोचली. रक्त लगेच आलं नाही. आलं ते काळपट.

"थंडी वाजत होती का? हातावर झोपला होतास? कुणी पट्टी ओढली?"

"नाही."

त्यांनी पट्ट्या सैल केल्या. दोन टाके काढले. हात थोडा वर घेऊन परत बांधला. मग माझ्याकडं बघत राहिल्या.

"तंबाखू?"

"नाही मॅडम. आईशप्पथ."

त्यांची नजर सरकत शेजारच्या कॉटवर गेली. लोंढेमामा पंधरा-वीस वर्षांपासूनचे तंबाखूवाले. भरती होताना त्यांची पुडी मॅडमनीच काढून घेतली होती.

"लोंढे, तुम्ही याला काही देता?"

"म्याडम, मला सवताला न्हाई, तर ह्याला कुठनं देऊ?"

"उद्या सकाळपर्यंत बघते," मॅडम आईला म्हणाल्या. "रंग असाच चढत गेला तर हा काढावा लागेल. मग दुसरीकडची कातडी. आणि तोवर हाताच्या दोऱ्यांचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

मॅडम गेल्या. आई मामांच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, खरं सांगा."

"ताई, पोरगं हाय माज्या पोरासारकं."

"तुमची बोटं सारकी उशाखाली जात्यात. मी बघते."

"अवो, सवय हाय हाताला! पुडी असायची तितं. आता हात जातो आन् मोकळा येतो."

"माज्या पोराचा हात गेला ना, तर तुमची ती सोंड मी माज्या हातानं..."

"आई!" मी ओरडलो.

ती थांबली. पण सगळ्या वॉर्डानं ऐकलं होतं. मामा भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवण आलं तेव्हासुद्धा वळले नाहीत.

दुपारी आई बाटल्या भरायला खाली गेली. मामा छताकडं बघत म्हणाले, "तुझ्या आईनं मला चोर केलं, रोहिदास."

"घाबरलीये ती मामा."

"व्हय. पण माज्यासारका इमानदार मानूस न्हाई ह्या वॉर्डात. तुला सांगतो, परवा तलफ अशी आल्ती, डोकं फुटायची येळ. समोर तुज्या आईची डबी. झाकण उघडं. मनात आलं, दोन बोटं मिश्री लावावी, भागंल तलफ. न्हाई लावली. मॅडमला शबूद दिलाय."

"मिश्रीनं कशी भागेल तलफ?"

"का न्हाई भागणार? तंबाखूच की ती. भाजल्याली."

त्यांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडं बघितलं. नाकावरची ती दोरी पण वळली. मीही त्यांच्याकडं बघत होतो.

मी काय सांगू. आमच्या घरी चुलीवर तवा चढायचा, आई त्यावर पानं काळी होईस्तोवर भाजायची, आम्ही सगळे खोकत अंगणात पळायचो. मग ती खलबत्त्यात कुटायची. कशाची पानं ती? बाजारातून तीच आणायची. मी तिच्यासोबत जायचो, पिशवी धरायला. दुकानदार विचारायचा, "खायची का भाजायची?" आई म्हणायची, "भाजायची." तरी घरात त्याला कुणी तंबाखू म्हटलं नाही. तंबाखू बापे खातात. मळतात, थुंकतात, त्यानं तोंड सडतं. मिश्री बाया लावतात. त्यानं दात घट्ट होतात.

"आयला," मामा म्हणाले.

"मामा, कुणाला बोलू नका."

"येडा का तू? हात चाललाय तुजा! म्याडमला सांगाय पायजे."

"मी सांगतो ना. उद्या. तुम्ही नका बोलू."

आई बाटल्या घेऊन आली. दोन्ही काखेत एकेक, दोन्ही हातात एकेक. मामांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी तिनं डबी काढली. "आ कर."

"नको. हिरड्या झोंबतात."

"झोंबल्याबिगर साफ व्हतंय व्हय? कर आ."

"आई, नको म्हटलं ना."

"तोंडाला घाण सुटंल. मॅडम म्हनत्याल, कशी बाई हाय, पोराचं तोंडसुदीक..."

मी ओठ घट्ट मिटून बसलो. तिचं बोट थोडा वेळ तसंच हवेत. काळं टोक वर केलेलं. मग तिनं ते स्वतःच्या दाताला लावलं आणि खिडकीकडं गेली. मला वाटलं, आता सांगावं. मग तिची पाठ दिसली. बाप गेला तेव्हा स्मशानातून माणसं परत आली होती, आणि ती न्हाणीत अशीच पाठमोरी बसून बापाची तंबाखूची चंची दगडानं ठेचत होती.

नाही सांगितलं.

सकाळी मुजावर मॅडम आल्या. जांभळा रंग वाढला नव्हता, कमीही नव्हता. आई आज तयारीत होती. पदर खोचलेला.

"मॅडम, ह्या मानसाला हितनं हलवा. ह्योच देतो. म्या त्येचा हात बघितलाय उशाखाली."

मॅडम थकलेल्या दिसत होत्या. "लोंढे, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असं असेल तर मी तुम्हाला आजच घरी पाठवते. ती सोंड घेऊन फिरा गावात."

मामांनी काही म्हणायला तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. आणि मिटलं. त्यांची बोटं चादरीवर नुसती काहीतरी मळत होती.

"मामांनी नाही दिली," मी म्हणालो. "मीच खाल्ली."

आईनं माझ्याकडं वळून बघितलं.

"दोन्ही हात असे असताना?" मॅडमनी विचारलं.

"रसवंतीवरचा मित्र आला होता. त्यानं भरवली. आई तेव्हा चहा आणायला गेली होती."

"कवा?" आई म्हणाली. "कोन? कोन आल्ता?"

"तू नव्हतीस."

"किती येळा?"

"दोन-तीनदा."

तिनं हात उचलला. मारायला जागा शोधत होती. तोंडावर मारावं तर डोकं हलेल, डोकं हललं तर पोट हलेल. उजवा हात शिवलेला, डावा मोडलेला. शेवटी तिनं माझ्या नडगीवर एक फटका मारला, चादरीवरून. मग त्याच जागेवर दुसरा. मग पायाशी तोंडावर पदर घेऊन बसली आणि आवाज न करता रडली. माझ्या बापासाठी ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती.

"आ कर," मॅडम म्हणाल्या.

मी केला. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. दातांच्या मुळाशी काय दिसायचं ते दिसलं असणार. बॅटरी बंद केली. मग त्यांनी आईच्या पदर धरलेल्या हाताकडं बघितलं. पहिलं बोट, नखाच्या खालपर्यंत काळं.

मी मॅडमकडं बघत होतो. आयुष्यात कुणाकडं इतकं विनवून बघितलं नसेल.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "सिस्टर, लोंढेंना कुठंही हलवायचं नाही. आणि याच्या तोंडात आजपासून मी सांगीन तेवढंच जायचं."

आईला औषध आणायला खाली पाठवून त्या परत आल्या. कॉटवर बसल्या. डॉक्टर कधी कॉटवर बसत नाहीत.

"मला खरं माहितीये. तुझ्या आईला नीट सांगितलं पाहिजे की नाही?"

"सांगा. पण आज नको."

"का?"

"मॅडम, इथं तिला दुसरं काहीच करू देत नाही तुम्ही लोक. एवढं एकच काम होतं तिच्याकडं."

मामा मध्येच म्हणाले, "म्याडम, पोरगं चांगलं हाय वो. निस्तं खोटं बोलायची अक्कल न्हाई. म्हनं मित्रानं भरवली! ह्येला भेटाया येतंय कोन?"

मॅडम हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आई वर आली तेव्हा त्यांनी तिला एक ट्यूब दिली. साधी पेस्ट होती, मला दिसत होती. "मावशी, हे औषध आहे. याच्या हिरड्यांना सोसत नाहीये, म्हणून मिश्रीसुद्धा बंद. हे सकाळ-संध्याकाळ लावायचं. तुम्हीच लावायचं, बोटानं. सिस्टरला जमणार नाही. फक्त हात आधी साबणानं स्वच्छ धुवायचा."

"किती लावायचं?" आईनं विचारलं. डोळे अजून लाल होते, पण ती उभी राहिली होती.

"वाटाण्याएवढं."

त्या दिवसापासून ती बेसिनपाशी इतका वेळ बोट घासायची की पाठीमागं रांग लागायची. माझे दात घासून झाले की नाक माझ्या तोंडाशी आणून वास घ्यायची. रोज. दोन वेळा. मी श्वास सोडायचा. वॉर्डातल्या प्रत्येकाला तिनं सांगितलं होतं, ह्यानं आईला फसवून तंबाखू खाल्ली. झाडणाऱ्या बाईला, नंतर एकदा भेटायला आलेल्या माझ्या मावशीला, मावशीच्या सुनेला. लोंढेमामांची तिनं माफी मागितली, म्हणजे त्यांना तिच्या डब्यातलं थालीपीठ दिलं आणि म्हणाली, "चावताना सोंड सांभाळा."

"ताई," मामा म्हणाले, "ह्या पोराला संभाळा. लई बिलंदर हाय." आणि माझ्याकडं बघून एक डोळा मिटला.

जांभळा रंग उतरत गेला. काठाचा नखाएवढा तुकडा मात्र काळा पडून वाळला. तो मॅडमनी कात्रीनं काढला. माझी करंगळी अजून पूर्ण उचलत नाही, ती त्यामुळं. बाकी सगळं धरलं.

मग परीक्षेचा दिवस आला. पोटाकडून येणारी वाट मॅडमनी एका मऊ नळीनं आवळून धरली. म्हणजे आता पोटाचं रक्त बंद. हात स्वतःचं देतो का बघायचं. आईला त्या दिवशी बाहेर थांबा म्हणाल्या नाहीत. ती कॉटच्या कडेला वाकून बघत होती. मामा स्वतःच्या कॉटवर गुडघ्यावर उभे.

"गुलाबीच हाय ना?" मामा.

"गप बसा, बघू द्या," आई.

मॅडमनी दाबलं. पांढरं झालं. आणि भरून आलं.

"धरलं," आई म्हणाली. मॅडमच्या आधी.

दुसऱ्या दिवशी मला थिएटरमध्ये नेऊन हात मोकळा केला. बाहेर आणलं तेव्हा खांद्याला तो इतका जड वाटत होता की उचलवेना. हाताच्या पाठीवर पोटाची जाड कातडी. तिथं आता स्पर्श नव्हता. पोटाशी नातं तुटलं होतं आणि हाताशी अजून जुळायचं होतं. मॅडम म्हणाल्या, येईल, पण सावकाश. वर्ष, दोन वर्षं. थोडाफारच येईल.

आई कॉटपाशी आली. भीतभीत हात खालून धरला. वजन केल्यासारखा जरा तोलला. मग खाली वाकली, माझा तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वरून आपला हात घट्ट दाबला.

"घे शपत. माज्या डोक्यावर हात हाय. जन्मात पुन्यांदा तंबाखूला शिवणार न्हाई म्हन."

लोंढेमामा खोकायला लागले. खोटं खोटं, मोठ्यानं.

"म्हन!"

"तंबाखूला शिवणार नाही," मी म्हणालो.

"जन्मात."

"जन्मात."

तरी तिनं सोडलं नाही. तशीच वाकून उभी. तळव्याला तिचे केस लागत होते, तेलकट, भांगापाशी विरळ झालेले, आणि खाली गरम डोकं. वरून तिचा हात होता. ती पूर्ण जोर लावून दाबत होती, मला दिसत होतं. वरच्या बाजूनं मला कळत मात्र काहीच नव्हतं.